आइसमन : पाच खून कोर्टात, दोनशे तोंडी
(लेखमाला ‘टोळ्या आणि माणसं’, भाग ७)

सप्टेंबर १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड काउंटीत रस्त्यालगतच्या झाडीत एक प्रेत सापडलं. प्लॅस्टिकच्या पिशव्यांमध्ये घट्ट गुंडाळलेलं, डोक्यात गोळी. काउंटीचे वैद्यकीय अधिकारी डॉ. फ्रेडरिक झुगिबे शवविच्छेदनाला बसले आणि चक्रावले. प्रेत सहसा आतून कुजायला लागतं, कारण आतड्यातले जिवाणू आधी कामाला लागतात. इथे सगळं उलटं होतं. कातडी खराब झालेली, आतले अवयव मात्र बरेचसे ताजे. हृदय उघडलं तर आत बर्फाचे कण! कुणीतरी हा माणूस गोठवून ठेवला होता आणि पुरता वितळायच्या आधीच फेकून दिला होता.

ओळख पटली. कोऱ्या व्हिडिओ कॅसेट स्वस्तात घेण्यासाठी सुमारे ९५ हजार डॉलर रोख घेऊन १ जुलै १९८१ रोजी घराबाहेर पडलेला हा व्यापारी. अंगावर कपडेसुद्धा त्याच दिवसाचे. ज्याला तो भेटायला गेला होता त्याचं नाव रिचर्ड कुक्लिन्स्की. या प्रेतामुळे पोलिसांनी त्याला ‘आइसमन’ म्हणायला सुरुवात केली.

मागच्या भागात ब्रुकलिनच्या जेमिनी लाउंजमधली रॉय डीमिओची टोळी आपण पाहिली. आपण त्याच टोळीसाठी माणसं मारली, असं कुक्लिन्स्की पुढे छाती फुगवून सांगत असे. आधी त्याचा खराखुरा धंदा पाहू. जन्म १९३५, जर्सी सिटी. बाप दारुडा आणि हात उगारणारा. त्याच्या मारानेच एक भाऊ लहानपणी गेला. दुसऱ्या भावाने पुढे एका बारा वर्षांच्या मुलीचा खून केला. रिचर्ड स्वतः सहा फूट पाच इंचांचा धिप्पाड गडी. फिल्म लॅबमध्ये नोकरी, तिथून अश्लील चित्रपटांच्या चोरट्या प्रती, मग घरफोड्यांची टोळी. न्यू जर्सीतल्या ड्यूमॉंट या शांत उपनगरात बायको आणि तीन मुलांसह राहायचा. शेजाऱ्यांच्या लेखी चार पैसे राखून असलेला कुटुंबवत्सल गृहस्थ.

त्याच्यावर आरोप असलेले खून बघितले की माफियाचा थरार फारसा उरत नाही. स्वस्त मालाचं गाजर दाखवायचं, समोरच्याला रोकड घेऊन बोलवायचं, पैसे घ्यायचे आणि माणूस संपवायचा. एका औषधविक्रेत्याला त्याने अल्सरवरच्या ‘टॅगामेट’च्या चोरीच्या गोळ्यांची लालूच दाखवली होती. १९८२ मध्ये गायब झालेला तो विक्रेता आजवर सापडलेला नाही. याला भाडोत्री मारेकरी कसलं म्हणायचं? हा तर गिऱ्हाईकच मारणारा ठग.

त्याच्या घरफोड्यांच्या टोळीतल्या दोघांच्या मागे पोलीस लागले तेव्हा त्याने त्यांना मोटेलांमध्ये लपवलं आणि मग त्यांचाच काटा काढला. पहिल्याला डिसेंबर १९८२ मध्ये नॉर्थ बर्गनच्या यॉर्क मोटेलमध्ये सायनाइड घातलेला हॅम्बर्गर खायला घातला. विष वेळ खातंय असं दिसल्यावर दिव्याच्या वायरने गळा आवळण्यात आला. प्रेत पलंगाच्या गादीखाली सारलं. पुढचे काही दिवस त्या खोलीत गिऱ्हाइकं येत राहिली, त्याच पलंगावर झोपत राहिली. अखेर वास असह्य झाला तेव्हा उलगडा झाला. गळ्यावर वळ नसता तर हा खून आहे हे पटवणंही जड गेलं असतं. घाई नडली ती अशी. दुसरा साथीदार १९८३ च्या मे महिन्यात वेस्ट मिलफर्डच्या निर्जन रस्त्याकडेला मृतावस्थेत सापडला.

आता धागे जुळत होते, पण प्रत्यक्षदर्शी कुणी नव्हता. म्हणून दारू, शस्त्रं आणि स्फोटकांचा तपास करणाऱ्या केंद्रीय खात्याचा डॉमिनिक पोलिफ्रोन गुंडाच्या वेषात मैदानात उतरला. शस्त्रं आणि सायनाइड पुरवणारा दलाल म्हणून त्याने कुक्लिन्स्कीचा विश्वास मिळवला. अंगावर लपवलेलं ध्वनिमुद्रण यंत्र चालू होतं आणि हा पठ्ठ्या विष कसं द्यायचं, प्रेत गोठवून मृत्यूची वेळ कशी लपवायची, याच्या गप्पा हाणत होता. १७ डिसेंबर १९८६ ला पोलिफ्रोनने त्याच्या हाती खोटं सायनाइड ठेवलं आणि थोड्याच वेळात, बायकोसोबत गाडीत असताना, घराजवळ पोलिसांनी त्याला घेरलं.

मार्च १९८८ मध्ये ज्यूरीने दोन साथीदारांच्या खुनात त्याला दोषी ठरवलं. प्रत्यक्ष त्याच्याच हातून मृत्यू झाला हे सिद्ध न झाल्याने फाशी टळली. कॅसेटवाल्यासह आणखी दोन खून त्याने कबूल केले. जन्मठेप अशी, की वयाची शंभरी उलटल्याशिवाय पॅरोलचा विचारही नाही.

खरी प्रसिद्धी इथून पुढची. एचबीओने त्याच्यावर १९९२, २००१ आणि २००३ मध्ये माहितीपट केले. ट्रेंटनच्या तुरुंगात, निर्विकार चेहऱ्याने, संथ आवाजात तो बोलत राहिला आणि दर मुलाखतीत मृतांचा आकडा फुगत गेला. शंभर, मग दोनशे. बेपत्ता झालेला कामगार नेता जिमी हॉफा मीच मारला, रॉय डीमिओ मीच, १९८५ मध्ये मॅनहॅटनच्या स्पार्क्स स्टेक हाउसबाहेर गँबिनो टोळीचा बॉस पॉल कॅस्टेलानोवर गोळ्या झाडल्या तेव्हाही मी होतो! कॅस्टेलानो प्रकरणात गोळीबार करणारे त्याच टोळीतल्या जॉन गॉटीचे लोक होते, हे साक्षीपुराव्यांतून बाहेर आलं होतं. त्यात कुक्लिन्स्कीचं नाव कुठेच नव्हतं. त्याला सर्वांत जवळून ऐकलेल्या पोलिफ्रोनचाही या फुशारक्यांवर विश्वास नव्हता. तरी २०१२ मध्ये त्याच्यावर मायकेल शॅनन नायक असलेला चित्रपट आलाच.

गंमत अशी, की त्याचा एक दावा न्यायालयात टिकला. १९८० मध्ये न्यूयॉर्क पोलिसांचा एक डिटेक्टिव्ह मारला गेला होता. तो खून आपण केला, असं त्याने २००३ मध्ये न्यायालयात कबूल केलं आणि सुपारी गँबिनो टोळीच्या सॅमी ग्रॅव्हानोची होती, असं सांगितलं. ग्रॅव्हानोवर आरोपपत्र दाखल झालं. खटल्याची मुख्य मदार याच साक्षीदारावर होती. ५ मार्च २००६ ला, सत्तराव्या वर्षी, तो कैदेत असतानाच मेला आणि ग्रॅव्हानोवरचा आरोप मागे घेण्यात आला. हा ग्रॅव्हानो कोण, आणि त्याने स्वतःच्याच बॉसविरुद्ध तोंड का उघडलं, ते पुढच्या आठवड्यात.