मुक्त संचार गेला, माणसं येतच राहिली
लेखमाला : संघातून बाहेर – भाग ६

गेल्या आठवड्यात आपण मालाची वाहतूक पाहिली: डोव्हर बंदरातल्या रांगा, कस्टमचे नवे कागद, सीमेवर अडकलेलं मांस आणि मासळी. या आठवड्यात माणसांची. ब्रेक्झिटचं सार्वमत जिंकलं गेलं ते बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर, आणि सगळ्यांत अनपेक्षित निकालही याच मुद्द्यावर लागला.

सुरुवात बॉस्टनपासून करू. अमेरिकेतल्या नव्हे, ज्याच्यावरून त्याला नाव पडलं त्या, पूर्व इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या बॉस्टनपासून. आजूबाजूला सपाट, सुपीक जमीन. कोबी, फ्लॉवर, बटाटा आणि ते धुऊन-कापून पिशव्यांत भरणारे कारखाने. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनच्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडायचा कौल दिला. बॉस्टनमध्ये हा आकडा ७५.६ टक्के होता. देशातला उच्चांक. दुसऱ्या टोकाला लंडनमधला लॅम्बेथ हा भाग. तिथे ७८ टक्क्यांहून अधिक मतं संघात राहण्याच्या बाजूने पडली. परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण लॅम्बेथमध्ये बॉस्टनपेक्षा कितीतरी जास्त आहे. तेव्हा जिथे परके जास्त तिथे राग जास्त, असं सरळ त्रैराशिक मांडता येत नाही. लॅम्बेथला परक्यांची सवय कित्येक दशकांची. बॉस्टनमध्ये मात्र शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातलं कुणी क्वचितच दिसायचं, आणि २०११च्या जनगणनेत गावातला साधारण दहातला एक माणूस संघाच्या नव्या सदस्यदेशांतून आलेला होता. दहा वर्षांत दुकानांच्या पाट्या, शाळेतल्या मुलांची नावं, दवाखान्यातली गर्दी, सगळं बदललं. लोकांच्या मनाला आकड्यापेक्षा हा वेग जास्त लागला, असं मला वाटतं.

हा वेग आला कुठून? १ मे २००४ रोजी पोलंड, लिथुआनिया, लाटव्हिया यांच्यासह दहा देश संघात आले. जुन्या सदस्यांना आपला नोकरीबाजार सात वर्षांपर्यंत बंद ठेवायची मुभा होती. जर्मनी आणि ऑस्ट्रियाने ती पुरेपूर वापरली. ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन या तिघांनीच पहिल्या दिवसापासून दार उघडलं. ब्रिटिश सरकारने करवून घेतलेल्या अभ्यासाचा अंदाज होता की वर्षाला निव्वळ पाच ते तेरा हजार माणसं येतील. हा अंदाज जर्मनीही दार उघडेल असं धरून केला होता, ही अट मात्र कुणाच्या लक्षात राहिली नाही. आले लाखो. संघाच्या नियमानुसार सदस्यदेशाच्या नागरिकाला दुसऱ्या सदस्यदेशात व्हिसाशिवाय जाऊन काम करता येतं, त्यामुळे लंडनमधल्या सरकारच्या हाती रोखण्याचं साधनच नव्हतं. तरीही डेव्हिड कॅमेरून यांनी २०१० साली निव्वळ स्थलांतर लाखाच्या आत आणण्याचं वचन देऊन ठेवलं. सार्वमताच्या जेमतेम महिनाभर आधी २०१५ या वर्षाचा आकडा जाहीर झाला: ३ लाख ३३ हजार. सूत्रं पुन्हा आपल्या हाती घ्या, ही संघाच्या विरोधकांची घोषणा का चालली हे समजायला याहून अधिक काही लागत नाही.

त्या सार्वमतातला एक विरोधाभास आपल्याकडच्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. लंडनच्या पश्चिमेला स्विंडन नावाचं, एके काळी रेल्वेच्या कारखान्यावर वाढलेलं शहर आहे. तिथे गोंयकारांची मोठी वस्ती आहे. १९ डिसेंबर १९६१पूर्वी पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात जन्मलेल्यांना, आणि त्यांच्या मुला-नातवंडांना, लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. पोर्तुगीज पासपोर्ट म्हणजे युरोपीय संघाचा पासपोर्ट. तो घेऊन सासष्टी-बारदेशातली हजारो माणसं पोर्तुगालमध्ये न थांबता थेट इंग्लंडला पोचली आणि गोदामांत, पॅकिंगच्या कामांत, विमानतळांवर रुजू झाली. सरकारी तक्त्यांत ती ‘युरोपीय’ म्हणून मोजली गेली. सार्वमताचा मताधिकार मात्र ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना होता, संघाच्या बहुतेक नागरिकांना नव्हता. म्हणजे भारतीय पासपोर्टवर पुण्याहून दोन वर्षांच्या कामासाठी गेलेल्या इंजिनिअरला मत होतं, आणि स्विंडनमध्ये घर-संसार थाटलेल्या मडगावच्या माणसाला, तो कागदोपत्री पोर्तुगीज झाल्यामुळे, नव्हतं. स्विंडनने साधारण ५५ टक्के मतांनी बाहेर पडण्याचा कौल दिला.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी बाहेर पडलं, पण मुक्त संचार खऱ्या अर्थाने संपला तो ३१ डिसेंबर २०२०च्या रात्री. त्याआधी जे पोचले त्यांना राहण्याचा हक्क मिळाला, फक्त त्यासाठी अर्ज करायचा होता. सरकारचा सुरुवातीचा समज होता की युरोपीय नागरिक पस्तीस लाखांच्या आसपास असतील. अर्ज साठ लाखांहून अधिक आले. देशात किती माणसं राहतात याचा सरकारलाच पत्ता नव्हता! गोव्यातूनही मुदतीआधी पोचण्याची धावपळ झाली. जे राहिले ते राहिले. त्यांचा पोर्तुगीज पासपोर्ट आजही फ्रान्स-जर्मनीत चालतो, स्विंडनला चालत नाही.

आता नोकऱ्यांकडे येऊ. युरोपीय मजूर गेले की स्थानिकांना काम मिळेल आणि मजुरी वाढेल, हा प्रचारातला मध्यवर्ती दावा. सरकारच्याच स्थलांतर सल्लागार समितीने २०१८च्या अहवालात सांगितलं होतं की युरोपातून आलेल्यांमुळे स्थानिकांच्या रोजगारावर आणि मजुरीवर एकंदरीत फारच थोडा परिणाम झाला. झाला तो तळच्या मजुरीवर, आणि तोही लहान. प्रचाराच्या धुरळ्यात असे अहवाल कोण वाचतो? प्रत्यक्षात काय घडलं ते शेतात पाहावं. २०२०च्या उन्हाळ्यात सरकारने स्थानिकांना भाजी-फळं तोडायला बोलावण्याची मोहीम काढली, खुद्द युवराज चार्ल्स यांनी त्यासाठी चित्रफीत केली. लोक फारसे फिरकले नाहीत. मग हंगामी व्हिसा वाढत गेला. २०१९ साली अडीच हजारांवर सुरू झालेली ही योजना २०२३मध्ये पंचेचाळीस हजारांवर पोचली. आता स्ट्रॉबेरी तोडायला पोलंडऐवजी किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानमधून माणसं येतात.

सप्टेंबर २०२१मध्ये पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, कारण टँकर चालवायला ड्रायव्हर नव्हते. हे सगळं ब्रेक्झिटचं पाप म्हणणं अन्यायाचं होईल. कोविडमुळे वाहनचालकांच्या परीक्षा तुंबल्या होत्या, जुने चालक निवृत्त होत होते, टंचाई पोलंड-जर्मनीतही होती. फरक इतकाच की तिथल्या मालकाला शेजारच्या देशातून उद्या सकाळी माणूस आणता येत होता. ब्रिटनने पाच हजार ट्रकचालकांना आणि साडेपाच हजार कोंबडीप्रक्रिया कामगारांना नाताळपर्यंतचे व्हिसे देऊ केले. तीन महिन्यांसाठी बिऱ्हाड हलवून कोण येणार? अर्ज तुरळक आले, टँकर चालवायला लष्कर आलं. चालकांची मजुरी त्या वर्षी वाढली, हेही खरं. पण ही वाढ त्या टंचाईच्या काळातली आणि त्या धंद्यापुरती. बोरिस जॉन्सन त्याच ऑक्टोबरमध्ये पक्षाच्या अधिवेशनात भरपूर पगाराच्या, उच्च कौशल्याच्या अर्थव्यवस्थेचं स्वप्न रंगवत होते.

तोवर त्यांच्याच सरकारने दुसरं दार उघडलंही होतं. १ जानेवारी २०२१पासून गुणांवर आधारित नवी व्हिसापद्धत आली. युरोपीय आणि बिगरयुरोपीय आता एकाच रांगेत. पण कौशल्याची अट पदवीवरून खाली बारावीच्या आसपास आणली गेली आणि पगाराची अट आधीच्या ३० हजारांवरून २५,६०० पाउंडांवर. परदेशी विद्यार्थ्यांना शिक्षणानंतर दोन वर्षं काम शोधायची मुभा परत मिळाली. फेब्रुवारी २०२२मध्ये वृद्धांची, अपंगांची देखभाल करणारे केअर वर्करही या यादीत आले, कारण इंग्लंडच्या केअर क्षेत्रात त्या सुमारास १ लाख ६५ हजार जागा रिकाम्या होत्या. शिवाय युक्रेन आणि हाँगकाँगमधून आलेले वेगळे. जून २०२३ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर नऊ लाखांवर गेलं, म्हणजे ज्या आकड्यावर सार्वमत पेटलं त्याच्या पावणेतीनपट. युरोपीय नागरिक मात्र येण्यापेक्षा जास्त जात होते. आलेल्यांत पहिला क्रमांक भारतीयांचा होता. त्याच वर्षीच्या पहिल्या अंदाजानुसार २ लाख ५३ हजार. तेव्हा पंतप्रधानपदी ऋषी सुनक होते, हा योगायोग.

बाहेर पडणाऱ्या देशाची माणसांची गरज बाहेर पडत नाही, एवढं तर या आकड्यांवरून दिसतंच. मला त्याहून मोठा वाटतो तो आलेल्या माणसाच्या हक्कांतला बदल, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. बॉस्टनच्या कारखान्यातला लिथुआनियन कामगार मुकादमाशी पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी पलीकडच्या कारखान्यात जाऊ शकत होता. मुक्त संचारात येण्याइतकंच नोकरी सोडून जाण्याचंही स्वातंत्र्य होतं. २०२१नंतर आलेला माणूस मालकाच्या प्रायोजकत्वावर येतो. मालकाने हात काढून घेतला तर सामान्यतः साठ दिवसांत दुसरा प्रायोजक शोधा, नाहीतर देश सोडा. केरळ-पंजाबपासून नायजेरियापर्यंतच्या अनेकांनी केअरच्या नोकरीसाठी एजंटांना लाखो रुपये मोजले आणि तिथे गेल्यावर काम निम्मंच मिळालं किंवा मिळालंच नाही. उचल घेऊन फडावर गेलेला ऊसतोड कामगार ती फिटेपर्यंत मुकादमाला सोडू शकत नाही, तीच गत. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात सरकारने केअर क्षेत्रातल्या ४७०हून अधिक मालकांचे परवाने रद्द केले. त्यांच्याशी जोडलेले कामगार होते सुमारे ३९ हजार. परवाना गेला मालकाचा, साठ दिवसांचं घड्याळ सुरू झालं कामगाराचं. स्थानिक मजुराचाही यात फायदा नाही, कारण जो माणूस नोकरी सोडू शकत नाही तो पगारवाढही मागू शकत नाही, आणि मालकाला असाच माणूस आवडतो.

करी हाउसवाल्यांची गोष्ट जाता जाता सांगतो. प्रीती पटेल यांनी सार्वमताच्या प्रचारात ब्रिटनमधल्या, बहुतांश बांगलादेशी मालकीच्या रेस्टॉरंटांना सांगितलं होतं की युरोपीयांची मुक्त आवक थांबली की उपखंडातून स्वयंपाकी आणणं सोपं होईल. अनेकांनी त्या भरवशावर मतं दिली. पुढे पटेल गृहमंत्री झाल्या आणि नवी पद्धत त्यांनीच आणली. त्यानंतर अनुभवी स्वयंपाकी आणता येऊ लागला खरा, पण पगाराची अट, व्हिसाचे शुल्क, आरोग्य अधिभार हा सगळा खर्च गल्लीतल्या रेस्टॉरंटला कुठला झेपायला? एप्रिल २०२४मध्ये ती पगाराची अट ३८,७०० पाउंडांवर नेली गेली.

राहिला लोकमताचा प्रश्न, आणि इथे सगळ्या तर्कांना चकवा बसतो. सार्वमतानंतर लगेच वातावरण बिघडलं. जुलै २०१६मध्ये इंग्लंड-वेल्सच्या पोलिसांनी नोंदवलेले वंश-धर्मद्वेषी गुन्हे आदल्या जुलैपेक्षा ४१ टक्क्यांनी जास्त होते. पण पुढच्या दोन-चार वर्षांत स्थलांतराबद्दलची चिंता झपाट्याने ओसरली. देशापुढचे मोठे प्रश्न कोणते, या पाहणीत तो वरच्या क्रमांकावरून खाली घसरला आणि स्थलांतराचा फायदा होतो म्हणणारे वाढले. नियंत्रण आपल्याकडे आलं, या समजाने काहींचा राग निवला असावा. कोविडमध्ये नर्स, ड्रायव्हर, दुकानातले कामगार कोण आहेत ते लोकांना दिसलं. आणि वर्तमानपत्रांनी विषय सोडला होता, हे कारण मी क्षुल्लक मानत नाही.

मग आकडे चढले, चिंता परतली. आता आकडे उतरलेत, पण चिंता उतरायला तयार नाही. जून २०२५ला संपलेल्या वर्षात निव्वळ स्थलांतर २ लाख ४ हजारांवर आलं, सार्वमताच्या वेळेपेक्षा बरंच खाली. तरी त्याच वर्षी हा विषय चिंतांच्या यादीत पुन्हा अग्रस्थानी होता आणि नायजेल फराज यांचा रिफॉर्म यूके पक्ष मतदार पाहण्यांत पहिला. कारण लोकांच्या डोळ्यांपुढे व्हिसावर विमानाने येणारे नाहीत, इंग्लिश खाडीतून रबरी होड्यांतून येणारे आहेत. २०१८ साली असे ३०० जणही नव्हते, २०२२ साली ४५ हजारांहून अधिक झाले. एकूण स्थलांतरात हा वाटा लहान, पण सूत्रं हाती नाहीत हे रोज टीव्हीवर दाखवणारा. आणि पूर्वी ब्रसेल्सकडे बोट दाखवायची जी सोय लंडनच्या प्रत्येक सरकारला होती ती आता उरलेली नाही. बाहेर पडणं चूक होतं असं म्हणणारे आज निम्म्याहून अधिक आहेत. त्यातल्या पुष्कळांना स्थलांतरही कमीच हवं आहे.

किअर स्टार्मर यांच्या मजूर सरकारने मे २०२५मध्ये श्वेतपत्रिका काढली, जुलैपासून परदेशातून केअर वर्कर आणणं बंद केलं, कौशल्याची अट पुन्हा पदवीवर नेली आणि कायम वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांची अट प्रस्तावित केली. लंडन, रेडिंग, मिल्टन कीन्समधल्या मराठी आयटी कुटुंबांचं पाच वर्षांचं गणित या एका प्रस्तावाने विस्कटलं. आणि ज्या मतदारासाठी हे चाललं आहे तो पाहण्यांमध्ये काय म्हणतो? एकूण स्थलांतर कमी करा, असं बहुमत म्हणतं. मग धंदा धंदा घेऊन विचारलं, नर्स कमी करायच्या का, डॉक्टर, केअर वर्कर, फळं तोडणारे, तर प्रत्येक वेळी बहुतेकांचं उत्तर येतं: नको, आहेत तेवढे असू द्या, थोडे वाढले तरी चालतील.

(पुढील आठवड्यात : आयर्लंडची सीमा, जी कुणालाच आखायची नव्हती)