दोरी पाण्यात शिरते तिथून पुढे

रोहूच्या जबड्यात एकही दात नसतो. त्याचे दात घशात असतात, कल्ल्यांच्या मागे. कटला, मृगळ, चोखंदळ गळवाले ज्याच्यासाठी जीव टाकतात तो महाशीर, सगळ्या कार्प कुळाची हीच तऱ्हा. त्यामुळे हा मासा खाद्याला चावत नाही. तो तोंडाचा चंबू करून पाणी आत ओढतो, पाण्याबरोबर खाद्य आत येतं, तोंडातल्या तोंडात त्याची चव घेतली जाते आणि पसंत नसेल तर तेवढ्याच झपाट्याने ते बाहेर फेकलं जातं. हे सगळं पापणी लवायच्या आत उरकतं. पसंत पडलेला घास मागे जातो आणि घशातल्या दातांखाली भरडला जातो.

काठावर बसलेल्या माणसाला यातलं काय दिसतं? पाण्यावरचं भेंड थरथरतं, एवढंच. भेंड म्हणजे दोरीला बांधलेला तरंगता तुकडा. ज्वारीच्या ताटातला गाभा, मोरपिसाचा देठ, नाहीतर सरळ थर्माकोल. पहिली थरथर म्हणजे ओढणं-फेकणं चालू आहे. तेव्हा हिसका दिला की गळ रिकामा वर येतो. मग भेंड एका बाजूला हलकेच सरकू लागतं, किंवा बुडायचं सोडून उलट आडवं पडतं. आडवं पडतं कारण माशाने तळावरचं खाद्य उचललं आणि तो वर निघाला. भेंडाला उभं धरणाऱ्या शिशाचं वजन आता त्याच्या तोंडाने पेललंय. हिसका द्यायचा तो इथे.

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्याजवळ वेळूची काठी घेऊन बसलेल्या एका वयस्क गृहस्थांना मी हे करताना पाहिलं आहे. शेजारच्या पोराकडे चकचकीत रॉड, रील, खिशाखिशांचं जाकीट. त्याचं भेंड थरथरलं की तो दचकून ओढायचा. म्हातारबाबा त्याच्याकडे न बघताच म्हणाले, “आरं, दम धर की. अजून चव बघतंय त्ये.” शास्त्राच्या दृष्टीने त्या वाक्यात काना-मात्रेचाही फरक करावा लागत नाही. कार्प माशांच्या ओठांवर आणि मिशांवर स्वादकलिका असतात. तो खरोखरच चव बघत असतो.

मासेमारीचं सामान विकत घेताना आपण जे विकत घेतो ते सगळं पाण्याच्या वरचं असतं. दोरी पाण्यात शिरली की तिथून पुढे काठीच्या किमतीचा माशाशी फारसा संबंध उरत नाही. खाली एक प्राणी आहे, त्याला त्याची इंद्रियं आहेत, त्याच्या सवयी आहेत. ते ठाऊक असणं हीच खरी सामग्री, आणि ती दुकानात मिळत नाही.

माशाचं तोंड बघा. बाजारात मासा घेताना पाचशे वेळा पाहिलेलं असतं, पण वाचलेलं नसतं. कटल्याचं डोकं अवाढव्य आणि तोंड वरच्या बाजूला वळलेलं. तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्म जीव गाळून खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं, कारण तो तळ उकरतो. रोहू मधला; त्याच्या ओठाला बारीक झालर असते, आणि तो मधल्या थरात शेवाळ व पाणवनस्पतींवर चरतो. म्हणजे एकाच तळ्यात एकाच जागी तीन मजले आहेत. भेंड आणि गळ यांच्यातलं दोरीचं अंतर किती ठेवायचं, याचं उत्तर माशाच्या तोंडावर लिहिलेलं आहे. पंधरा-वीस हजारांचा रॉड घेऊन कणकेची गोळी तळाला नेऊन ठेवली आणि कटल्याची वाट बघत बसलात, तर तो बिचारा वरच्या मजल्यावर राहतो.

जाता जाता एक गंमत सांगायला हवी. हे तिघेही मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. ते साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना वाहती, चढलेली नदी लागते. १९५७ साली मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी घालून घेतली आणि देशभर मत्स्यबीजाचा पुरवठा शक्य झाला. गावोगावच्या तलावांत मच्छीमार संस्था दरवर्षी जी बोटुकली सोडतात, तिच्यामागे ते इंजेक्शन आहे. तळ्यात बोटुकली कुठल्या माशाची आणि कधी सोडली, हे संस्थेच्या माणसाला विचारून घेणारा गळवाला अर्धी बाजी तिथेच मारतो.

आता माशाच्या डोळ्यांनी वर बघू. पाण्यातून हवेत जाताना प्रकाश वाकतो, हे आपण शाळेत शिकलो आणि विसरलो. त्याचा परिणाम मात्र विलक्षण आहे. माशाला बाहेरचं सगळं जग, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत, डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंश. विहिरीच्या तळाशी उभं राहून वरचं आभाळ बघावं, तसं. खिडकीच्या बाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात तळाचंच प्रतिबिंब दिसतं. काठालगतचं, बुटकं असं जे काही असेल ते खिडकीच्या कडेला दाबलं जाऊन जवळजवळ नाहीसं होतं. म्हणून बसून गळ टाकणारा माणूस माशाच्या हिशेबी नसल्यातच जमा असतो आणि उभा राहून हातवारे करणारा खिडकीत ठळक दिसतो. उकिडवं बसायला पैसे पडत नाहीत. मागे झाडी असेल तर आणखी उत्तम, आभाळाच्या पार्श्वभूमीवर आकृती उठत नाही.

आवाजाचं उलटं आहे. ‘बोलू नका, मासे पळतील’ असं दटावणारा एक तरी जण प्रत्येक काठावर असतो. पण हवेतला आवाज पाण्यावर आपटला की त्यातली ९९ टक्क्यांहून जास्त ऊर्जा परत फिरते. तेव्हा गप्पा माराव्यात, निवडणुकीवर वाद घालावा, माशाला सोयरसुतक नाही. पाय मात्र आपटू नये. पावलाचा धक्का जमिनीतून थेट पाण्यात उतरतो. कार्प आणि मिशावाल्या माशांत तर पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत बारीक हाडांची साखळी असते. पिशवी थरथरली की ती थरथर कानात पोहोचते. शिवाय अंगावर दोन्ही बाजूंनी पार्श्वरेषा, पाण्याची हालचाल टिपणारी. बंधाऱ्याच्या दगडी भिंतीवर बूट वाजवत येणारा माणूस सामान काढायच्या आधीच जाहीर झालेला असतो.

हे ज्ञान किती जुनं? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराला ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. स्वयंपाक, हत्ती, रत्नं, गाणं, कशाकशावर लिहिणाऱ्या त्या राजाने ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण केवळ गळाने मासे धरण्याच्या करमणुकीला दिलं आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात त्याचा अभ्यास करून ते जगापुढे आणलं. मला थक्क करतं ते त्यातलं प्रमाण. लिहिणारा राजा आहे. काठीला सोनं मढवून घेता आलं असतं. दोरी आणि काठी कशी असावी हे तो सांगतो खरं, पण त्याचं लक्ष असतं कुठला मासा कुठे राहतो, खवल्याचा की बिनखवल्याचा, आणि कुठल्या माशाला काय खाऊ घालायचं यावर. सुमारे ३५ जातींची नोंद त्यात आहे. आधी ठरलेल्या जागी खाद्य टाकून माशांना तिथे यायची सवय लावायची, मग गळ. आज काठावर आल्या आल्या चुरमुरे आणि पेंड भिरकावणारा माणूस तेच करतो, मानसोल्लासाचं नावही न ऐकता.

तरी सामानाला नावं ठेवून मोकळं होणं बरोबर नाही. विमानांसाठी विकसित झालेला कार्बन फायबर १९७० च्या दशकात गळाच्या काठीत आला आणि काठी हलकी, ताठ, लांब फेकणारी झाली. काळम्मावाडीसारख्या रुंद जलाशयात मासा काठापासून दूर असेल तर वेळूची काठी तिथवर पोहोचतच नाही, मग ज्ञान घेऊन काय करता? आणि महाशीर. वाहत्या, खडकाळ नदीतला हा मासा गळ लागताच धारेबरोबर सुसाट सुटतो. १९४६ साली म्हैसूरकडच्या कबिनी नदीत गळाने धरलेला महाशीर १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोंचा होता. अशा माशापुढे रीलचा ब्रेक गुळगुळीत चालणारा हवा. अडखळला की दोरी तुटली.

पण इथेही एक आश्चर्य आहे. पाच किलो ताण सोसणाऱ्या तंगुसाने दहा किलोंचा मासा निघतो, तो कसा? हवेच्या पिशवीमुळे माशाचं पाण्यातलं वजन जवळपास शून्य असतं. दोरीला पेलायचं असतं ते त्याच्या स्नायूंचं बळ. आणि माशाच्या अंगातला बहुतेक स्नायू पांढरा, क्षणभराच्या झेपेसाठी बनलेला. तो प्राणवायूची वाट न बघता जोर लावतो आणि लवकर थकतो. काठी वाकलेली ठेवायची, ओढलं की सोडायचं, थांबला की घ्यायचं. मासा स्वतःच दमतो. तोवर दोरी ताणून धरायचा मोह आवरावा लागतो, आणि तो आवरणारी रील अजून कुणी बनवलेली नाही. मला विचाराल तर पैसे खर्चायचेच असतील तर गळावर खर्चा. चांगला गळ काही रुपयांना मिळतो. त्याचं टोक नखावर टेकवून हलकेच ओढावं. रुतलं तर धार आहे, घसरलं तर फेकून द्यावा.

कोल्हापूरकरांना एक गोष्ट अंगणात मिळालेली आहे: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. दगडी खांब, मधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या. पावसाळा संपला की बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी काढायचे. बरग्यांच्या फटींतून आणि वरून पाणी खाली कोसळतं, फेसाळतं, आणि त्यात हवा मिसळते. २० अंश तापमानाच्या लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. एप्रिल-मेच्या उन्हात वरच्या बाजूचं साचलेलं पाणी तापतं तेव्हा खालचा फेसाळ पट्टा माशांना प्रिय होतो. मासे धारेत उभे राहत नाहीत, त्यात ताकद फार जाते. ते खांबाच्या आडोशाला, धार आणि संथ पाणी जिथे घासतं त्या रेषेवर थांबतात आणि वाहून येणारं टिपतात. गळ त्या रेषेवर हवा, म्हणजे काठापासून कधी कधी जेमतेम दोन हात. लांब फेकणारी काठी अशा वेळी माशाच्या डोक्यावरून पलीकडे जाते.

पंचगंगेत याची काळी बाजूही दिसते. सांडपाणी आणि मळी मिसळलेल्या पाण्यात जिवाणू प्राणवायू संपवतात. रात्री पाणवनस्पतीही तो घेतातच. त्यामुळे पहाट ही सगळ्यात वाईट वेळ. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांच्या बातम्या छापून येतात त्यामागचं गणित हे आहे. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून दिसले तर नवखा हरखतो. जाणता सामान आवरतो. ते मासे खायला आलेले नसतात, श्वासाला आलेले असतात. त्यांना भूक नसते.

मरळ मात्र याही पाण्यात तगते, आणि सगळ्यांत जास्त डोकं तिच्यापुढे चालवावं लागतं. डोक्यात, कल्ल्यांच्या वर, तिला हवेतून श्वास घेणारा अवयव आहे. कल्ल्यांवर तिचं भागत नाही. तिला ठरावीक वेळाने वर यावंच लागतं. पाणकणसांच्या मुळाशी ‘बुळुक्’ असा एक आवाज, एक वलय, आणि पुन्हा शांत. ऐकणाऱ्याला मरळीचा पत्ता मिळाला. दोन श्वासांमधला वेळ मोजला की तिची पुढची फेरीही कळते. दबा धरून झडप घालणारा हा मासा मेलेल्या कणकेकडे ढुंकून बघत नाही. त्याला हलतं भक्ष्य हवं, छोटा बेडूक किंवा जिवंत चिंगळी.

पावसाळ्यात कधी संथ पाण्यावर तांबूस ठिपक्यांचा एक गोळा हलताना दिसतो. ती मरळीची पिल्लं, शेकड्यांनी, आणि त्यांच्या बरोबर खाली त्यांचे आई-बाप. या दिवसांत ते भुकेपोटी नव्हे तर रागापोटी समोर येईल त्यावर तुटून पडतात. गोळ्यावर काहीही टाका, फांदीला बांधलेल्या दोरीनेसुद्धा मोठी मरळ मिळते. वर्षभरात एवढा सोपा मासा दुसरा नाही. जुने गळवाले तिथे गळ टाकत नाहीत, आणि टाकणाऱ्याला चारचौघांत शिव्या देतात. कारण आई-बाप उचलले गेले की आसपासच्या चिलाप्या त्या तांबूस गोळ्यावर येतात आणि पुढच्या वर्षीची मरळ पोरकी असतानाच संपते.