तिकिटातला गावाचा वाटा

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत. ताडोबा, पेंच, नवेगाव आणि गुगामल विदर्भात, बोरिवलीचं संजय गांधी मुंबईत, चांदोली सह्याद्रीत. मराठवाड्याच्या वाट्याला एकही नाही. लातूर जिल्ह्यात जंगल एक टक्कासुद्धा भरत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. नांदेडचं त्यातल्या त्यात बरं. किनवट-माहूरच्या डोंगरात सागवान टिकून आहे आणि पैनगंगा अभयारण्य दाराशी आहे. तरी वाघ बघायची हौस आली की नांदेडकर नंदीग्राम एक्सप्रेसची तिकिटं काढतो. मुदखेड, भोकर, हिमायतनगर, किनवट, आदिलाबाद करत ही गाडी चंद्रपूरला सोडते. लातूरची मंडळी अहमदपूर-लोहा मार्गे आधी नांदेड गाठतात.

चंद्रपूरहून ताडोबाच्या मोहर्ली गेटवर पोचलं की प्रवेशशुल्क, जिप्सीचं भाडं आणि गाईडची फी मिळून बरीच रक्कम होते. चार जणांच्या कुटुंबाला ती जाणवतेच. वाघ दिसला तर पैसे वसूल आणि नाही दिसला तर बुडाले, असा हिशेब बहुतेक जण करतात. मला तो अपुरा वाटतो, कारण या पैशाचा प्रवास गेटवर संपत नाही. तो पुढे नेणारी संस्था म्हणजे ताडोबा-अंधारी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान.

पूर्वी जंगलातली प्रवेश फी सरकारी तिजोरीत जमा व्हायची. जंगलाला लागून राहणाऱ्या गावाच्या वाट्याला फक्त धूळ यायची. २००६ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि ३८ एक्स हे कलम आलं. प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी राज्याने एक प्रतिष्ठान स्थापन करावं, प्रवेश फी त्याच प्रकल्पाच्या कामाला परत लावावी, बाहेरून मदत मिळवावी, संशोधनाला आणि निसर्गशिक्षणाला हात द्यावा, पर्यटनात स्थानिकांना सामील करून घ्यावं, असं हे कलम सांगतं. केरळात पेरियारला ही वाट आधीच मळलेली होती. तिथे जंगलातून चोरून झाडाची साल काढणारी माणसंच पुढे पर्यटकांना जंगल दाखवणारी झाली. अमेरिकेत उद्यानांच्या पाठीशी नागरिकांच्या संस्था उभ्या राहण्याची रीत तर शंभर वर्षं जुनी आहे. आपल्याकडचं प्रतिष्ठान तसं निव्वळ नागरिकांचं नाही. नियामक मंडळावर वनमंत्री आणि कार्यकारी समितीवर क्षेत्र संचालक, अशी त्याची घडण आहे. त्यामुळे कामाला वजन येतं, हे खरं. पण गावकऱ्याचा आवाज त्या टेबलापर्यंत किती पोचतो, हे अधिकारी कोण आहे त्यावर ठरतं. ही उणीव मला मोठी वाटते.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. ११६ चौरस किलोमीटरचं हे जंगल आणि त्याला जोडलेलं ५०९ चौरस किलोमीटरचं अंधारी अभयारण्य मिळून आजचा गाभा होतो. २०१० साली त्याभोवती अकराशे चौरस किलोमीटरचा बफर जाहीर झाला. प्रतिष्ठानचं खरं काम याच बफरमध्ये आहे, कारण इथे वाघ आणि माणूस एकाच पायवाटेने चालतात. ताडोबाच्या तलावाकाठी ज्याचं ठाणं आहे तो तारूदेव वाघाशी झुंजताना मेला, असं गोंड लोक सांगतात. ताडोबा हे नाव त्याचंच. पौषात तिथे यात्रा भरते.

बफरमधलं जगणं समजून घ्यायला मोहाचा हंगाम बघावा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं रात्रभर गळतात आणि ती वेचायला बाया तांबडं फुटायच्या आत घराबाहेर पडतात. फुलं पाचोळ्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची जुनी पद्धत आहे. त्यातून वणवे लागतात. वेचणारी बाई ओणवी असते, टोपलीवर नजर असते. ओणव्या माणसाचा आकार वाघाला माणसासारखा दिसत नाही, आणि मग घात होतो. पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो, त्यातही हीच गत. चंद्रपूर जिल्ह्याने अशी किती प्रेतं उचलली आहेत! ज्या घरातलं माणूस असं गेलं, त्याला वाघाचं कौतुक सांगायला जाण्याआधी आपण त्या घरासाठी काय केलं, हे सांगता आलं पाहिजे.

गॅस आला की सरपणाच्या मोळीसाठी रानात जाण्याच्या खेपा कमी होतात. शेताला सौरकुंपण मिळालं की रानडुकरांपायी रात्रभर मचाणावर जागावं लागत नाही. वाघ गावाजवळ आला की गर्दी आवरायला गावातल्याच पोरांचं प्राथमिक बचाव दल धावतं. या कामांमागे शासनाची जन-वन विकास योजना आणि प्रतिष्ठान असे दोन्ही हात आहेत, आणि गावात ती परिस्थितिकीय विकास समितीमार्फत उतरतात. आगरझरी गावात पर्यटनाचं काम गावकरीच सांभाळतात. ‘चला माझ्या ताडोबाला’ या उपक्रमातून बफरमधल्या शाळांची मुलं जंगलात जातात. ज्या जंगलापायी आपल्या गावची गुरं जातात, ते जंगल त्यातल्या कित्येकांनी जिप्सीतून कधी पाहिलेलंच नसतं. प्रतिष्ठानच्या साऱ्या कामांत मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

गाईडही याच गावांतले. मोबाईल गेटवरच ठेवायला लागतो, ते उत्तमच, कारण त्यामुळे कान मोकळे राहतात. धुळीतला पंजाचा ठसा बघून गाईड ड्रायव्हरला नुसता हात करतो, इंजिन बंद होतं. लांबून सांबराचा ‘कॉल’ येतो. चितळ उगाचही ओरडतं, सांबर सहसा खोटं बोलत नाही, असं तो हळूच सांगतो. हे ज्ञान गुरं राखताना आलेलं आहे. त्याला घर चालवण्याइतकं मोल मिळतं ते तुमच्या फीतून.

जाणाऱ्याने एवढं पाहावं: मंगळवारी ताडोबा बंद असतं, पावसाळ्यात गाभा तीन महिने बंद असतो. गाभ्याचं तिकीट मिळालं नाही तर हिरमुसून परत फिरू नका, आगरझरी किंवा जुनोन्यासारख्या बफर गेटने जा. मुक्काम मोठ्या रिसॉर्टऐवजी गावातल्या घरात करा. देणगी द्यायची तर प्रतिष्ठानला थेट देता येते, आणि पावती मागून घ्या.

पण मराठवाड्याचं काम एवढ्याने भागणार नाही, कारण वाघ आता आपल्याकडे येतोय. २०२१च्या मार्चमध्ये विदर्भातल्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ मराठवाड्यातल्या गौताळा अभयारण्याच्या कॅमेऱ्यात दिसला. २०२४च्या अखेरीस टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ साडेचारशे किलोमीटरच्या आसपास चालून येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात पोचला. लातूरहून बार्शीकडे निघालं की मुरूडनंतर येडशी येतं. म्हणजे हा लातूरचा शेजार झाला. अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, भोवती सोयाबीन, ऊस आणि गोठे.

अडचण अशी की ३८ एक्सची तरतूद व्याघ्र प्रकल्पांपुरती आहे. टिपेश्वर, पैनगंगा, गौताळा, येडशी ही नुसती अभयारण्यं. तिथे कायद्याने प्रतिष्ठान स्थापावंच असं बंधन नाही. नांदेड-लातूरकडच्या डॉक्टर, प्राध्यापक, व्यापाऱ्यांनी स्वतःचा एक न्यास उभा करावा, असं मला मनापासून वाटतं. त्यात किनवटचा आदिवासी शेतकरी आणि येडशीचा गुराखी विश्वस्त म्हणून असावेत, सल्लागार म्हणून नव्हे. पहिलं काम साधं आहे: वाघाने गाय मारली की पंचनामा वेळेत व्हावा म्हणून त्याच दिवशी गोठ्यावर जाऊन अर्ज भरून देणारा माणूस नेमायचा.