पात्याचा कोन

छतावरच्या पंख्याकडे बघा. पाती तिरकी असतात, फिरली की हवा खाली ढकलतात. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे हवासुद्धा पात्यांना वर ढकलते. हेलिकॉप्टरचं मूळ तत्त्व एवढंच. मग मोठ्ठा पंखा बसवला की झालं हेलिकॉप्टर? नाही ना! खरी गंमत तर पुढेच आहे. (कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी टेक-ऑफला जरा वेळ घेतं, सांभाळून घ्या.)

उदाहरण म्हणून सियाचिनवर सैनिकांना रसद पोचवणारं आपलं 'चीता' घेऊ. मूळ डिझाइन फ्रान्सचं, 'लामा' नावाचं. तीन पाती, रोटरचा व्यास सुमारे ११ मीटर, वेग मिनिटाला साधारण ३५० फेरे. गणित केलंत तर पात्याचं टोक सेकंदाला २०० मीटर वेगाने फिरतं. टोकाजवळच्या १ किलो वस्तुमानावर सुमारे ७०० किलोच्या भाराएवढी ओढ बसते! म्हणूनच उभ्या हेलिकॉप्टरची लोंबणारी पाती फिरायला लागली की ताठ होतात. मुळाशी वेग कमी आणि टोकाशी जास्त, म्हणून पात्याला लांबीभर पीळ दिलेला असतो : मुळाशी कोन जास्त, टोकाकडे कमी.

एक बाजू जड, एक हलकी

आता हे हेलिकॉप्टर ताशी १८० किमी, म्हणजे सेकंदाला ५० मीटर वेगाने पुढे निघालं. पुढे येणाऱ्या पात्याच्या टोकाला हवा लागते २५० च्या वेगाने, मागे जाणाऱ्याला १५० च्या. उचल वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणजे दोन टोकांमधला फरक जवळजवळ पावणेतीन पट. असं असेल तर हेलिकॉप्टर एका कुशीवर उलटायलाच हवं. स्पेनच्या हुआन द ला सिएर्वाची सुरुवातीची ऑटोजायरो नेमकी अशीच उलटायची. त्याने उपाय काढला तो साधा : पातं मुळाशी बिजागरीने जोडायचं. जास्त उचल मिळालेलं पातं वर जातं, वर जाताना हवेशी त्याचा कोन कमी होतो आणि उचलही कमी होते. मागे जाणाऱ्या पात्याचं बरोबर उलटं. १९२३ मध्ये त्याचं सी-४ यान उडालं. आपल्या 'ध्रुव'मध्ये ही बिजागरी नाही, तिथे कंपोझिटचा लवचीक भागच वाकून ते काम करतो.

पायलट नक्की काय हलवतो?

रोटरचा वेग जवळजवळ कायम असतो. पायलट बदलतो तो पात्यांचा कोन. त्यासाठी मास्टवर स्वॉशप्लेट असते : खालची तबकडी फिरत नाही, वरची रोटरबरोबर फिरते आणि तिच्यातून प्रत्येक पात्याला एक दांडी जाते. कलेक्टिव्ह दांडा ओढला की अख्खी प्लेट सरकते, सगळ्या पात्यांचा कोन सारखाच वाढतो आणि हेलिकॉप्टर वर जातं. सायक्लिक दांड्याने प्लेट कलते, मग प्रत्येक फेरीत पात्याचा कोन कमी-जास्त होतो आणि रोटर हव्या त्या दिशेला झुकतो. गंमत म्हणजे हा बदल सुमारे पाव फेरी आधी करावा लागतो, कारण पातं वर-खाली व्हायला तेवढा वेळ घेतं.

इंजिन बंद पडलं तर?

हा प्रश्न माझ्या आईचा. बाबा समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर नोकरीला आहेत, दर चौदा दिवसांनी जुहूहून हेलिकॉप्टरने जातात. ते पोचल्याचा फोन येईपर्यंत आई जेवत नाही. बहुतेकांना वाटतं, इंजिन गेलं की दगडासारखं खाली. तसं होत नाही. सायकलचं पेडल थांबवलं तरी चाक फिरतं ना, तसंच फ्रीव्हील इथेही असतं. पायलट ताबडतोब कलेक्टिव्ह खाली करतो, कोन कमी होतो आणि खालून वर येणारी हवाच रोटर फिरवत ठेवते. जमिनीजवळ आल्यावर नाक वर करून वेग मारायचा आणि कलेक्टिव्ह ओढायचा : फिरणाऱ्या पात्यांत साठलेली ऊर्जा उचल देते आणि यान अलगद टेकतं. याला म्हणतात ऑटोरोटेशन. २१ जून १९७२ रोजी ज्याँ बूले यांनी लामा १२,४४२ मीटरवर नेलं. तिथून उतरायला सुरुवात करताना इंजिन विझलं ते पुन्हा सुरूच झालं नाही. तेवढ्या उंचीवरून ते ऑटोरोटेशननेच सुखरूप खाली आले!

अर्थात मर्यादा आहेत. फार कमी उंची आणि कमी वेग असेल तर ही युक्ती करायला वेळच मिळत नाही. आणि पातं किंवा हबच तुटला तर काहीच इलाज नाही. म्हणूनच या भागांचे उड्डाणाचे तास मोजतात आणि मुदत भरली की भाग चांगला दिसत असला तरी काढून टाकतात.

आईला मी सांगितलं : बाबांच्या हेलिकॉप्टरला दोन इंजिनं आहेत, पाण्यावर तरंगायला फुगे आहेत आणि वर ऑटोरोटेशन आहे. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. जेवते मात्र अजूनही फोन आल्यावरच. पण तास मोजणारा तो मेंटेनन्सवाला माणूस कोण, हे आता ती बाबांना विचारते. माझ्या मते प्रश्न अगदी बरोबर आहे.