उपवास, साबुदाणा आणि 'पित्त'

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, पाठोपाठ नवरात्राचे नऊ दिवस. मराठी घरांतील स्त्रियांना उपवास नवा नाही. गेल्या काही वर्षांत त्यात 'इंटरमिटंट फास्टिंग'ची भर पडली आहे. दिवसातील आठ तासांत जेवणे उरकून उरलेले सोळा तास काही न खाणे, हा त्याचा सर्वाधिक प्रचलित प्रकार. उपवासाने पचनसंस्थेला विश्रांती मिळते, असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे.

पोट रिकामे झाले तरी आतडी स्वस्थ बसत नाहीत. साधारणतः दर दीड ते दोन तासांनी आकुंचनाची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकाकडे सरकते आणि उरलेसुरले अन्नकण व जीवाणू पुढे लोटते. रिकाम्या पोटी येणारी गुरगुर याच झाडलोटीची. मात्र काही खाल्ले की ती थांबते. दूध-साखरेचा चहा, मूठभर शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू हेही खाणेच! शिवाय साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात तंतू नाममात्र. पाणीही कमी प्यायले गेले तर दुसऱ्या दिवशी पोट साफ न होण्यात नवल नाही. त्यापेक्षा रताळे, फळे व ताक बरे.

अधिक काळजीचा विषय पित्ताशयाचा आहे. जेवणातील स्निग्ध पदार्थ आतड्यात पोहोचले की पित्ताशय आकुंचन पावून पित्तरस सोडते. उपवास लांबला तर हा रस साचून घट्ट होतो. इस्ट्रोजेनमुळे पित्तरसातील कोलेस्टेरॉल वाढते, तर प्रोजेस्टेरॉनमुळे पित्ताशय रिकामे होण्याची गती मंदावते. स्त्रियांत पित्तखडे पुरुषांपेक्षा अधिक आढळतात ते यामुळेच. झपाट्याने वजन घटवणाऱ्यांना हा धोका आणखी असतो. खडे असताना दिवसभराच्या उपवासावर तळलेले साबुदाणा वडे खाल्ले, तर उजव्या बरगडीखाली तीव्र कळ येऊ शकते.

येथे आपली भाषाच घात करते. जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी या साऱ्याला आपण 'पित्त झाले' म्हणतो; पित्ताशयाची कळही त्यातच जमा होते आणि आमसुलाच्या सरबतावर वा अँटासिडच्या गोळीवर निभावून नेली जाते. कळ अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, उजव्या खांद्याकडे वा पाठीत जात असेल, तर सोनोग्राफी करून घ्यावी. सोबत ताप वा कावीळ असल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

गर्भवती, स्तनदा माता आणि मधुमेहावर इन्सुलिन वा गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दीर्घ उपवास करू नये, मग तो व्रताचा असो वा वजनाचा.