आठशेच्या पुढची हळद

वाशिंद स्टेशनाबाहेरच्या एका फोटो स्टुडिओच्या भिंतीवर वर्तमानपत्राचं एक जुनं पान चिकटवलंय. वधू-वरांच्या छोट्या जाहिरातींचं. पासपोर्ट फोटोसाठी ताटकळलेली माणसं ते वाचत बसतात. एखादी आजी ‘हे स्थळ अजून आहे का हो?’ असंही विचारते. त्या जाहिरातींतली पोरं एव्हाना बाप झाली असतील. पण पानाचे चारही कोपरे चिकटपट्टीने ताणून बसवलेत आणि बरोबर समोर, फरशीवर लाल रंगाची खूण आहे. त्या खुणेवर तिवई लावून स्टुडिओवाले काका कॅमेरे तपासतात.

हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा नव्हे. पोट भरतं ते लग्नं, बारशी आणि शाळेचे फॉर्म यांच्यावर. पण अलीकडे कॉलेजची पोरं ‘काका, जुना डिजिकॅम आहे का?’ म्हणत येतात, आणि काकांच्या खणात कुणी विकायला, कुणी दुरुस्तीला म्हणून ठेवलेले, पुन्हा न्यायला कुणीच न आलेले कॅमेरे पडून आहेत. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०१० साली सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे विक्रीसाठी रवाना झाले, त्यांतले बहुतेक खिशात मावणारे. २०२० साली सगळ्या प्रकारचे मिळून ९० लाखही भरले नाहीत. मधल्या काळात मोबाइलने तो धंदा गिळला. आता त्याच मोबाइलला कंटाळलेली पोरं खण उघडायला लावतायत.

मुरबाडकडून आलेली एक मुलगी अशाच एका कॅमेऱ्यासाठी थांबली होती. कॅमेऱ्याच्या तोंडावर ‘१६ मेगापिक्सेल’ असं ठसठशीत लिहिलेलं.

‘ते सोळा-बिळा सोड,’ काका म्हणाले. ‘आकडा लक्षात ठेवायचा तो आठशे. आठशेपर्यंत हा खरं बोलतो.’

आठशे म्हणजे आयएसओ ८००. उजेड कमी पडला की कॅमेरा सेन्सरवरून आलेला क्षीण संकेत किती चढवतो, त्याचा हा आकडा. या कॅमेऱ्यात तो ३२०० पर्यंत जातो. काकांच्या लेखी मात्र आठशेला वेस संपते.

कॅमेरा हातात आला की काका आधी तो हुंगतात. नवख्याला हसू येतं, पण कोकणपट्टीच्या पावसाळ्यात यात काही विनोद नाही. पाऊचला कुबट वास आला की आत भिंगावर बुरशी धरली असणार असा त्यांचा पहिला संशय. मग टॉर्च तिरका धरून भिंगात बघायचं. बुरशीचे पांढरे तंतू दिसतात, आणि फार दिवस राहिले तर त्यातून सुटणारं आम्ल काचेवरचा लेप कायमचा खातं. मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स काढून पुसता तरी येते. याची झूम आत-बाहेर होताना हवा आणि धूळ ओढून घेते, आणि ती काढायची तर सगळा कॅमेरा खोलावा लागतो. या कॅमेऱ्याला वास होता, बुरशी नव्हती. काकांनी दोनदा हुंगून खात्री केली.

नंतर भिंतीवरचं पान. तिवई, दोन सेकंदांचा टायमर, एकेक छिद्रमाप बदलून एकेक फोटो. संगणकावर शंभर टक्के मोठं करून पाहिलं तेव्हा मधला मजकूर स्वच्छ वाचता आला, उजवीकडचं ‘वर पाहिजे’ ठीक होतं, आणि डाव्या वरच्या कोपऱ्यातलं ‘वधू पाहिजे’ फिस्कटलेलं. चारही कोपरे सारखेच मऊ असते तर स्वस्त लेन्सचा स्वभाव म्हणून सोडून दिलं असतं. एकच कोपरा गेलाय, म्हणजे आतलं एखादं भिंग कललंय. ‘हातातून पडलाय कुणाच्या तरी,’ काकांनी निदान केलं. एफ/८ या छिद्रमापावर तर सगळं पानच सॉफ्ट. त्यात कुणाचा दोष नाही. छिद्र लहान केलं की प्रकाश कडांवरून वळतो आणि एका बिंदूचा ठिपका पसरतो. एफ/८ ला तो सुमारे ११ मायक्रॉन रुंद होतो, आणि या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जेमतेम १.३ मायक्रॉनचा. सोळा मेगापिक्सेलचा मोठेपणा तिथेच संपतो.

प्रयोगशाळांत हे काम आयएसओ १२२३३ या प्रमाणित तक्त्यावर होतं आणि रंगांसाठी २४ चौकोनांचा, १९७६ पासून चालत आलेला रंगतक्ता असतो. काकांकडे यातलं काहीच नाही. त्यांच्याकडे वाशिंद आहे.

आषाढातली सर थांबली तसे ते मुलीला घेऊन भातखाचराकडे निघाले. लावणी चालू होती. बायका प्लास्टिकचे कागद पांघरून, वाकून, आवणातल्या पेंढ्या सोडवून लावत होत्या. ‘पेपरात देणार का आमचा फोटो?’ एकीने न वळताच विचारलं. काकांनी नाही म्हटलं तेव्हा तिचा रस संपला.

हिरव्याबाबत खरं तर सेन्सर पक्षपाती असतो. ब्राइस बायर या कोडॅकच्या संशोधकाने काढलेल्या जाळीत लाल आणि निळ्या एकेका पिक्सेलमागे हिरवे दोन असतात, कारण माणसाचा डोळा बारकावा हिरव्याच्या आसपास जास्त टिपतो. तरीही लांबचं खाचर फोटोत शेवाळासारखं सपाट आलं. जवळची रोपं सुटी सुटी, पण वीस पावलांपुढची पाती एकमेकांत विरघळलेली. आयएसओ होता १००, उजेडही भरपूर. मग हा गाळ कुठून आला? कॅमेऱ्यातल्या सॉफ्टवेअरमधून. फिकट, बारीक पोत दिसला की ते त्याला खराबी समजून पुसून टाकतं. भाताचं पातं त्याच्या हिशेबात कचरा.

बांधावरचा बगळाही जळाला. म्हणजे त्याच्या अंगावरची पिसं जाऊन नुसता पांढरा आकार उरला. समोर अंधारं खाचर जास्त, म्हणून कॅमेऱ्याने सगळंच उजळ केलं. काकांनी एक्सपोजर दोन-तृतीयांश पायरी खाली ओढलं, पिसं परत आली, पण प्लास्टिकखालचे बायकांचे चेहरे काळवंडले. दोन्ही एकदम सांभाळणं या सेन्सरला झेपत नाही. ‘१/२.३ इंच’ हे त्याचं माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचनळ्यांच्या व्यासावरून चालत आलेलं आहे. प्रत्यक्षात सेन्सर ६.१७ बाय ४.५५ मिलिमीटर, करंगळीच्या नखाहून लहान. व्यावसायिक कॅमेऱ्यातला पूर्ण आकाराचा सेन्सर त्याच्या तीसपट.

माहुली गडाचे सुळके लांबच्या झूमसाठी काकांचा आवडता विषय, पण आषाढात ते ढगात. त्यांच्याऐवजी विजेच्या तारांवर काम भागवलं. पांढऱ्या आभाळासमोर तारांच्या कडेला जांभळी किनार आली. स्वस्त झूमचं ते ठरलेलं लक्षण, त्यावर कुणी वेळ घालवला नाही.

खरी परीक्षा रात्री होती. काकांना एका हळदीची ऑर्डर होती, हा कॅमेरा खिशात होता आणि मुलगीही सोबत होती. ठाण्याच्या ग्रामीण भागात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. मांडवात एलईडीच्या माळा, एका बाजूला निळा-जांभळा फिरता दिवा, डीजे, आणि मधोमध पिवळाधमक नवरदेव. कॅमेऱ्याला गोंधळवायला एवढं पुरे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो, ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर-दोनशे. म्हणजे उजेड दर वेळी निम्मा करत गेलं तर नऊ-दहा पायऱ्या खाली.

उजेड कमी झाला की दाणे का येतात, ते अंगणात पहिल्या पावसाला बघावं. एका फरशीवर चार थेंब, शेजारच्या फरशीवर एकही नाही. मुसळधार लागला की सगळ्या फरश्या सारख्याच भिजतात. पिक्सेलवर सरासरी दहा हजार प्रकाशकण पडले तर त्यात शंभराचा मागे-पुढे फरक पडतो, एक टक्का. शंभरच पडले तर दहाचा, म्हणजे दहा टक्के. फोटोतले दाणे हेच. कॅमेरा बिघडलेला नसतो, पाऊसच विरळ असतो.

रंग ‘ऑटो’वर ठेवला तर कॅमेरा पिवळ्याचा बहर पाहून दचकतो आणि तो काढून टाकतो, नवरदेव आजारी वाटावा इतका फिका आला. काकांनी हातरुमाल दाखवून पांढरा ठरवून दिला, तेव्हा हळद परतली. शटर त्यांनी १/५० वर ठेवलं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि भलतंच शटर घेतलं तर फोटोभर आडवे पट्टे उमटतात.

मग आठशे. नवरदेवाच्या गालावर वाळत आलेल्या हळदीच्या भेगा दिसत होत्या, करवलीच्या गजऱ्यात कळ्या मोजता येत होत्या. १६०० ला भेगा बुजल्या, गजरा पांढरा गोळा झाला. ३२०० ला नवरदेवाचं तोंड मेणाचं.

‘बघ. आठशे,’ काका म्हणाले.

करवल्यांना मात्र ३२०० चाच फोटो आवडला. त्यात सगळ्या गोऱ्या आणि नितळ दिसत होत्या. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी गिऱ्हाईक बरोबर ओळखलंय, असंच म्हणायला हवं.

मुरबाडच्या मुलीने मेनूत शिरून ‘नॉइज रिडक्शन’ सर्वांत कमीवर नेलं आणि १६०० वर पुन्हा फोटो काढला. पडदाभर दाणे. पण त्या दाण्यांखाली भेगा होत्या आणि हळद हळदीच्या रंगाची होती. ‘काका, हा चालेल मला. फोनमध्ये सगळे एकाच साच्यातले दिसतात.’

काकांनी बराच वेळ तो फोटो मोठा करून पाहिला. दाणे त्यांना खपत नाहीत. गिऱ्हाईक अल्बम परत करतं, हा त्यांचा अनुभव. पण पुसलेल्या भेगा त्यांनाही आवडत नव्हत्याच. ‘तुझ्यापुरतं ठीक आहे. ऑर्डरला आठशेच,’ एवढं कबूल करून त्यांनी विषय संपवला.

कललेल्या भिंगापायी त्यांनी किंमत कमी केली आणि तो दोष पावतीवर लिहून दिला. सिलिका जेलच्या दोन पुड्या फुकट. बॅटरीची हमी मात्र दिली नाही. ती बनायची बंद झाली आहे आणि दुसरी कुठे मिळेल ते त्यांनाही सांगता येईना.