पारो : न बोलणारा सोबती

हार्प सील हा उत्तर अटलांटिकच्या बर्फावर पिल्ले देणारा प्राणी. त्याचे पांढरेशुभ्र पिल्लू प्रत्यक्ष पाहिलेली माणसे फार थोडी. एकाकी वृद्धांसाठी सोबती रोबो घडवताना जपानी अभियंते ताकानोरी शिबाता यांनी हेच पिल्लू निवडले, ते मुख्यतः याच कारणासाठी. आधी मांजराच्या रूपातला रोबो करून पाहिला होता. पण मांजर सगळ्यांच्या परिचयाचे, त्यामुळे माणसे लगेच खऱ्या मांजराशी तुलना करत आणि नक्कल खटके. सीलच्या बाबतीत तुलनेला काही नव्हतेच.

१९९३ मध्ये काम सुरू झालेला हा ‘पारो’ २००५ पासून जपानमध्ये विकत मिळू लागला. लांबी सुमारे ५७ सेंमी., वजन पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे मांडीवर घेतला तर तान्ह्या बाळाइतका. मऊ, जंतुरोधक लवेखाली स्पर्श, प्रकाश, आवाज, तापमान आणि अंगस्थिती ओळखणारी संवेदके आहेत. थोपटले की तो डोळे मिटून हुंकारतो, दुखावले की चिडतो. ठेवलेले नाव तो शिकतो. ज्या वागण्यावर त्याला गोंजारले गेले, ते पुन्हा करू पाहतो. चार्जर बाळाच्या चोखणीच्या आकाराचा, तोंडात द्यायचा! पारो चावत नाही आणि त्याला खाऊपिऊ घालावे लागत नाही, म्हणून जिथे खरे प्राणी ठेवता येत नाहीत तिथेही तो चालतो. २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरणाचा दर्जा मिळाला.

मात्र खरा चमत्कार यंत्रात नाही, भोवतीच्या माणसांत घडतो. न्यूझीलंडमधल्या एका वृद्धनिवासात ४० रहिवाशांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पारोच्या सहवासात असलेल्यांचा एकाकीपणा १२ आठवड्यांत कमी झाला. शिवाय तिथल्या खऱ्या कुत्र्यापेक्षा पारोविषयीच्या गप्पांत अधिक जण सामील होत. पारोला शब्द येत नाहीत. बोलायचे ते माणसांनाच बोलावे लागते, आणि मला त्याचे सगळे सामर्थ्य यातच दिसते.

ऑस्ट्रेलियात २८ संस्थांतल्या स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ जणांवर झालेली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी मात्र सावध करणारी आहे. काहींना यंत्रणा बंद केलेला पारो दिला होता. अस्वस्थता कमी करण्यात हे नुसते मऊ खेळणेही फारसे मागे पडले नाही. चालू पारोकडे लोक अधिक पाहत, त्याच्याशी अधिक बोलत, एवढा फरक निश्चित दिसला.

अमेरिकी अभ्यासक शेरी टर्कल यांचा आक्षेप याहून खोल आहे : ज्याला मरण कळत नाही, दुःख कळत नाही, अशा यंत्रापुढे वृद्धांनी मन मोकळे करायचे आणि आपण सुटका करून घ्यायची? पारो मांडीवर ठेवून परिचारिका निघून गेली, तर हा आक्षेप शंभर टक्के खरा. तीच परिचारिका शेजारी बसली, चार जणांच्या मध्ये टेबलावर पारो ठेवला, तर एखाद्या आजींना घरचे वासरू आठवते, दुसऱ्या त्यावर काही विचारतात. डेन्मार्कमध्ये म्हणूनच पारोबरोबर तो कसा वापरायचा याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना दिले जाऊ लागले.